शेळीला दोन मार्क

“गेम कसा आहे हे सांगायला मला एक उडी पुरते! एक बटण, एक उडी, खलास!”

महिन्यातून एकदा तरी हे वाक्य ऐकवल्याशिवाय साडेपाचला ऑफिसातला चहा पचत नसे. साडेपाच हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हतं. व्हिडिओ गेमच्या एका मासिकात तो समीक्षक होता, आणि कितीही झकास गेम हातात द्या, दहापैकी साडेपाचच्या वर त्याची लेखणी सहसा चढत नसे. म्हणून ऑफिसने त्याचं नवं बारसं केलं. त्याला याचा राग तर नव्हताच, उलट हे नाव तो पदवीसारखं मिरवायचा.

त्याच्या समोरच्या टेबलावर नऊताई बसायची. तिला सगळेच गेम आवडत. एकदा त्याने न राहवून विचारलं, “अगं, या भिकार गेमला नऊ कसे दिलेस?”

“अरे, किती मनापासून लोड होत होता बिचारा!”

अशा बाईबरोबर चाळीसपैकी मार्क द्यायचे म्हणजे साडेपाचच्या डोक्याला ताप होता. मासिकाची पद्धतच तशी होती. चार समीक्षक, प्रत्येकाने गेम आपापल्या घरी, एकट्याने खेळायचा. एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही, नाहीतर एकाच्या मताचा वास दुसऱ्याला लागतो. दहापैकी मार्क थेट संपादकांना कळवायचे आणि चौघांची बेरीज छापायची. मात्र दोघांच्या मार्कांत चारापेक्षा जास्त अंतर पडलं, तर त्या दोघांनी साऱ्या ऑफिससमोर तोच गेम खेळून दाखवायचा. याला पंचनामा म्हणत. साडेपाचवर ही वेळ कधी आली नव्हती, कारण कितीही कंजूष झाला तरी इतरांच्या मार्कांपासून तो चाराच्या अंतरातच राहायचा.

त्यातच मुख्य समीक्षक दुसरीकडे नोकरीला गेले आणि त्यांची हातवाली खुर्ची रिकामी झाली. “हा अंक निघू दे, मग बघू,” असं संपादक साडेपाचकडे बघून म्हणाले. निदान साडेपाचला तरी ते आपल्याकडेच बघत होते असं वाटलं. त्याने लगेच बाजारातून त्या खुर्चीच्या मापाची उशी आणली. बायकोने तर नातेवाइकांना कळवूनही टाकलं.

आणि नेमका तेव्हाच तो शेळीचा गेम आला.

गेम साधा होता. एक शेळी, एक डोंगर, आणि कड्यावरून कड्यावर उड्या मारत शिखर गाठायचं. साडेपाचने घरातल्या मोठ्या टीव्हीला कन्सोल जोडला. शेजारच्या सोफ्यावर सासूबाई पाय लांब करून बसल्या होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या लेकीकडे विश्रांतीला आल्या होत्या, आणि त्यांची मालिका सुरू होईपर्यंतच टीव्ही जावयाचा होता.

त्याने बटण दाबलं. शेळी उभीच! मग तिने जणू घरच्यांचा सल्ला घेतला, आणि उडी मारली. तोवर समोरचा सरकता दगड निघून गेला होता. शेळी थेट दरीत!

“ही शेळी आहे की सरकारी कारकून? अर्ज दिल्यावर विचार करते!”

“जावईबापू, जरा लवकर दाबा ना,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, मी वेळेवरच दाबतोय! तीच ऐकत नाही!”

“मग दटावू नका तिला. मुकं जनावर आहे.”

बायको स्वयंपाकघरातून डोकावली. “अरे, तुझा हात जड झाला असेल. वय झालं की होतं असं.”

हे मात्र त्याला फार लागलं. त्याने आठवडाभर झुंज दिली. दगड यायच्या आधीच बटण दाबायचं, मग शेळी सावकाश उडते, हे तंत्रही त्याने घोटून घेतलं. तरी शिखर काही दिसेना. शेवटी त्याने संपादकांना कळवलं: दहापैकी दोन. वर एक ओळही लिहिली, ‘या शेळीला उडी मारण्यापेक्षा बसून रवंथ करण्यात रस आहे.’ ती ओळ त्याला स्वतःलाच इतकी आवडली की त्याने ती बायकोला फिरफिरून वाचून दाखवली.

बैठकीत संपादकांनी मार्क वाचले. “आठ. साडेआठ. नऊताई, अर्थातच नऊ. आणि आपले साडेपाच... दोन!”

नऊताई खुर्चीतून ताडकन उठली.

“दोन? अरे, माझ्या शेळीने काय वाकडं केलंय तुझं?” नऊताईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड,” संपादक म्हणाले. “चला, पंचनामा!”

साडेपाच बाह्या सरसावून ऑफिसच्या टीव्हीसमोर बसला. छपाईवाल्यांपासून हिशेबनीसापर्यंत सगळे मागे उभे राहिले. त्याने घोटलेल्या तंत्राने, दगड यायच्या आधीच बटण दाबलं. शेळीने तत्काळ उडी मारली आणि तत्काळ दरीत गेली. पुन्हा दाबलं. पुन्हा दरीत! शेळी अशी भराभर कोसळत होती, जणू खाली चारा ठेवलाय.

“तुमचा टीव्ही बिघडलाय!” तो ओरडला. “हा फार लवकर ऐकतो!”

मागे हास्याचा स्फोट झाला. नऊताईने कंट्रोलर हातात घेतला आणि शेळीला गप्पा मारत मारत शिखरावर नेऊन उभं केलं.

साडेपाचच्या डोळ्यांसमोर ती हातवाली खुर्ची दुडूदुडू पळत नऊताईच्या टेबलामागे जाऊन बसली. “हे खरं नाही!” तो म्हणाला. “माझ्या घरी चला! सगळे चला! खरी शेळी तिथे आहे!”

आणि अख्खं ऑफिस त्याच्या घरी निघालं. आपण स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला वरात काढली आहे, हे त्याला तेव्हा कुठे माहीत होतं!

घरी सासूबाईंची मालिका ऐन रंगात आली होती. त्यांनी नाराजीने टीव्ही सोडला. साडेपाचने विजयी मुद्रेने बटण दाबलं. शेळी उभी राहिली, विचारात पडली, मग उडाली.

“बघा! बघा! मी म्हणत नव्हतो?”

संपादकांनी स्वतः खेळून पाहिलं. नऊताईनेही पाहिलं, आणि तिचीही शेळी दरीत गेली. क्षणभर साडेपाचला खुर्ची परत येताना दिसली. तेवढ्यात नऊताईने टीव्हीचा रिमोट उचलून काहीतरी चाळलं आणि विचारलं, “हा ‘गुळगुळीत चित्र’ पर्याय कोणी चालू केला? याने टीव्ही दर दोन चित्रांच्या मधलं चित्र स्वतः तयार करत बसतो. मग सगळंच उशिरा दिसतं.”

“मी करून घेतला की!” सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. “मालिकेतली माणसं चालताना थरथरायची हो. केबलवाला आला होता, त्याच्याकडून नीट करून घेतलं. आता बघा, कशी लोण्यासारखी चालतात!”

“कधी करून घेतलंत?” संपादकांनी हळूच विचारलं.

“मी आले ना इथे, त्याच आठवड्यात. झालं की आता अर्धं वर्ष.”

अर्धं वर्ष! नऊताई बोटांवर मोजत आठवायला लागली. “म्हणजे त्या मोटारींच्या शर्यतीला तू ‘बैलगाडी’ म्हणालास, तो गेम याच टीव्हीवर खेळलास?”

साडेपाचने होकारार्थी मान हलवली.

“आणि तो मुष्टियोद्धा ‘झोपेत मारतो’ म्हणालास, तोही?”

साडेपाच कन्सोलची वायर गुंडाळायला लागला.

“आणि आयुष्यात एकदाच तू आठ मार्क दिलेस, ‘बटणांना असा चटपटीत प्रतिसाद आजवर पाहिला नाही’ असं लिहून, तो...”

“बुद्धिबळाचा होता,” साडेपाच पुटपुटला.

संपादक सोफ्यावर सासूबाईंच्या शेजारीच बसले आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढ्यात बायकोने चहा आणला आणि भोळेपणाने विचारलं, “मग खुर्ची कधी मिळणार यांना?” त्या चहाचा एक घोटही साडेपाचच्या घशाखाली उतरला नाही. अर्ध्या वर्षाचे गेम, ते बनवणारी माणसं, सगळ्यांवर आपण सासूबाईंच्या मालिकेचा राग काढला, या विचाराने त्याला खरोखर वाईट वाटत होतं. त्याने तिथल्या तिथे शेळीचे मार्क बदलून साडेआठ केले. नऊतला अर्धा त्याने राखलाच. सवय ती सवय!

खुर्ची नऊताईला मिळाली. उशीही त्यानेच तिला दिली, कारण घरातल्या कुठल्याच खुर्चीच्या मापाला ती उशी बसेना. टीव्हीबद्दल घरात मतदान झालं आणि दोनास एक मतांनी तो ‘गुळगुळीत’च राहिला. साडेपाच आता ऑफिसच्या अडगळीच्या खोलीत, एका जुन्या छोट्या टीव्हीवर गेम खेळतो. उडीचं ते वाक्य त्याच्या तोंडून पुन्हा कोणी ऐकलेलं नाही.

नऊताईने मुख्य समीक्षक म्हणून पहिलाच हुकूम काढला. तेव्हापासून दर अंकात, मार्कांच्या चौकटीखाली, बारीक अक्षरांत एक ओळ न चुकता छापून येते:

‘या अंकातील कोणताही गेम सासूबाईंच्या टीव्हीवर तपासलेला नाही.’