एक बगळा, दोनदा

राहात्याला माझ्या भावाच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना सगळा मांडव नवरीकडे बघत होता आणि गायकवाड काका दुर्बिणीतून मागच्या चिंचेकडे. "पिंगळा! जोडीनं!" ते ओरडले. भर लग्नात घुबडाच्या जातीचं नाव निघालेलं पाहून आमच्या आत्याचा चेहरा उतरला. काका म्हणाले, "आवो बाई, पिंगळ्याची जोडी एकमेकाला सोडत न्हाई. याच्याहून चांगला शकुन कुठला?" या नादात अक्षता त्यांच्या मुठीतच राहिल्या.

काका आमचे भिंगारचे शेजारी, लष्करी भांडारातून निवृत्त झालेले कारकून. पक्षी बघणं हा त्यांचा छंद, पण त्याची नोंद करणं हा धर्म. "नोंद न्हाई, तर पक्षी न्हाई," हे ते चहावाल्यालाही ऐकवत. नेवाशाच्या एका जिवलग मित्राने प्रवरेकाठी एकच बदक दोनदा मोजलं, तेव्हापासून काकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याच्या मुलीच्या लग्नात आहेराची साडी मात्र पोस्टाने पाठवली.

या नोंदी भाच्याने दिलेल्या एका जुन्या प्रोग्राममध्ये होत्या, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं असलेल्या. फ्लॉप्या काका जेवणाच्या डब्यात ठेवत. पुढे विंडोज आलं, काकांचा जुना कॉम्प्युटर आचके द्यायला लागला, तेव्हा डबा घेऊन ते माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आले. चपला बाहेर काढल्या, हात धुतले.

"ताई, सगळं नव्या प्रोग्रामात हलवायचं. पण जपून. अंडी हायेत आसं समजा."

मी जपूनच हलवलं. पण नव्या प्रोग्रामची स्वतःची पक्ष्यांची यादी होती. तीत नसलेलं नाव आलं की तो ते सरळ 'अनोळखी' या सदरात ढकलायचा. बघते तर काकांचे निम्मे पक्षी तिथे जाऊन पडलेले.

"काका, हा तलाठी कोण?"

"गायबगळा. पांढरे कपडे, ज्याच्या त्याच्या शेतात हजर."

"आणि भाडेकरू?"

"कोकीळ. कावळ्याच्या घरात वाढतो, भाडं देत न्हाई."

मला हसू आवरेना. म्हटलं, थांबा, सगळीकडे खरी नावं घालते, मिनिटाचं काम. काकांनी माउसच उचलून घेतला.

"ती नावं हिनं ठेवलेली हायेत."

काकूंना जाऊन वर्ष झालं होतं.

"मी पुस्तकात नाव शोधायचो, तवर ती म्हणायची, 'आवो, त्यो बगा तलाठी आला!' मी तेच लिहायचो. तुमी त्याचा बगळा केलात, तर ती कुठं राहिली त्यात?"

मला भरून आलं. हसल्याचं वाईटही वाटलं. खटपट करताना एक वाट सापडली: त्या यादीत आपल्याला नवा पक्षी घालता येत होता. पण अडचण होती. काकूंच्या पश्चात काका एकटे जात, आणि त्या नोंदींत नुसता गायबगळा होता, तलाठी कुठेच नव्हता.

"काका, तलाठी वेगळा पक्षी म्हणून घातला, तर एकच बगळा दोनदा मोजला जाईल," मी भीत भीत म्हटलं. नेवाशाचं बदक माझ्या डोळ्यांपुढे होतं.

काकांनी माउस हळूच जागेवर ठेवला.

"मोजू द्या," ते म्हणाले. "बघनारे दोघं हुतो."