मालिगायाची अधिकृत एकाग्रता

मालिगाया वस्तीत पूलचं, म्हणजे काठीनं चेंडू खिशांत ढकलायच्या खेळाचं, टेबल एकच, आणि ते आलिंग पासिंगबाईंच्या किराणा दुकानाला लागून पत्र्याच्या छपराखाली मांडलेलं होतं. एका अंगाला गाण्याचं यंत्र: नाणं टाकावं, माईक धरावा आणि शेजाऱ्यांवर सूड उगवावा. दुसऱ्या अंगाला झुंजीचे कोंबडे. टेबलाभोवती वस्तीतले सगळे रिकामटेकडे, आणि नेम धरणाऱ्याला टोमणे मारणं हे त्यांचं पिढीजात काम. "अरे, हात कापतोय! बायकोनं जेवायला घातलं नाही का?" असं कोणी म्हटलं नाही, तर खेळणाऱ्यालाच चुकल्याचुकल्यासारखं होई.

एतोय माकातांगाय या गोंधळातच खेळायला शिकला होता. पण तीनचाकी चालवून चालवून त्याची कंबर गेली होती, आणि यंदा जत्रेच्या स्पर्धेत जिंकणाऱ्याला नगरपालिकेत पूल-प्रशिक्षकाची नोकरी मिळणार होती. नोकरीत खुर्ची होती. खुर्ची म्हटल्यावर एतोयच्या डोळ्यांत पाणी आलं. उपांत्य सामन्यात त्यानं नेम धरला नि नेमका कोणीतरी वरचा सूर लावला. सोपा चेंडू हुकला. सामना कसाबसा वाचला, पण एतोयनं धसका घेतला आणि तो वस्तीप्रमुखांकडे गेला. त्यांचं नाव कोनरादो दिमाआनो, पण सगळे त्यांना कॅप्टनऐवजी नुसतं 'कॅप' म्हणत.

"कॅप, अंतिम सामन्यापुरतं ते यंत्र बंद ठेवा ना."

"बंद? एतोय, बाबा, गाणं ही आपली संस्कृती आहे." यंत्र कॅपच्या मेव्हण्याचं असल्यानं ही संस्कृती त्यांना विशेष जवळची होती. "हे बघ, दोष आवाजात नसतो, कानात असतो. कानांचं काहीतरी करू."

कानांचं काहीतरी करण्यासाठी एकाग्रता समिती नेमण्यात आली. तीत कॅप, मेव्हणा आणि पहिल्याच फेरीत हरल्यामुळे पूर्णपणे निःपक्षपाती ठरलेला कॅपचा पुतण्या जोमार होता. समितीनं ठराव केला की खेळाडूंनी हेडफोन घालणं सक्तीचं राहील. हेडफोन मेव्हणा भाड्यानं पुरवणार होता. संस्कृतीचा तोही एक भाग होता.

"अरे, कानात कापूस कोंबला असतास तर भागलं असतं," एतोयची बायको लुझ कपाळावर हात मारून म्हणाली. "कॅपच्या दारात कशाला गेलास मरायला?"

"सगळं रीतसर झालेलं बरं असतं गं."

"रीतसर! रीतसर मेलेला माणूसही मेलेलाच असतो."

एतोयनं सरावासाठी हेडफोन घातले.

मग शेजारच्या वस्तीचा बोग्स, म्हणजे एतोयचा प्रतिस्पर्धी, याच्या बाजूनं हरकत आली. हेडफोनमधून एतोयला कोणी नेम सांगत असेल तर? समितीनं हरकत गंभीरपणे घेतली. काहीच वाजत नाही हे सिद्ध करता येत नाही; काय वाजतंय हे मात्र करता येतं. सबब, दोन्ही खेळाडूंना एकच ध्वनी ऐकवावा. कोणता ध्वनी? कॅपनी संकोचून आपलं रेकॉर्ड केलेलं भाषण देऊ केलं. 'लक्ष म्हणजे काय? लक्ष म्हणजे लक्ष देणे,' अशी त्याची सुरुवात होती, आणि पुढेही ते फारसं हललेलं नव्हतं.

उरला टोमण्यांचा प्रश्न. लोकांची तोंडं बंद करणं लोकशाहीत बसेना. पण ज्याला खेळातलं काही ऐकू येत नाही त्याला टोमणाही सुचत नाही, हा जोमारचा युक्तिवाद बिनतोड ठरला, आणि प्रेक्षकांनाही हेडफोन लागू झाले. आता एकट्या पंचाचे कान उघडे राहिले. अशा माणसावर बाहेरचा प्रभाव पडू शकतो. त्यालाही घातले.

अंतिम सामन्याला गाण्याचं यंत्र फुल आवाजात चालू होतं. मेव्हणा जीव तोडून गात होता, ते कोणालाच ऐकू येत नव्हतं, आणि यंत्र त्याला पैकीच्या पैकी गुण देत होतं. कोंबडे आरवत होते. माणसं मात्र मुकाट उभी राहून माना डोलावत होती. असं मेलेलं टेबल एतोयनं जन्मात पाहिलं नव्हतं. हात कापला तरी कोणी हसेना, याचीच त्याला भीती वाटू लागली. कानात कॅप विचारत होते, लक्ष म्हणजे काय. एतोयनं दात आवळले आणि खुर्ची आठवली.

सामना बरोबरीत आला. शेवटच्या डावात नऊ नंबरचा चेंडू तेवढा उरला, तोही अवघड जागी; तो खिशात घालील तो जिंकणार. एतोयनं काठीला खडू लावला, दुखऱ्या कंबरेनं वाकला, श्वास रोखला. पांढऱ्या चेंडूनं नऊ नंबरला अलगद ढकललं. नऊ नंबर कडेला आपटून उलटा फिरला आणि कोंबड्यांच्या बाजूच्या मधल्या खिशात गेला. पांढरा टेबलावर थांबला. आयुष्यातला सगळ्यात सुंदर नेम. एतोयनं दोन्ही हात वर केले नि मान वर करून पाहिलं.

सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. भाषण 'आता डोळे मिटा आणि दीर्घ श्वास घ्या' इथवर आलं होतं, आणि मालिगायाचे लोक शिस्तीचे.

"चेंडू टेबलावर नाही, एवढं समिती मान्य करते," हेडफोन काढून कॅप म्हणाले. "पण तो गेला कुठं, कोणाच्या नेमानं गेला, पांढरा आधी पडून वर आला का? साक्षीदार आण, खुर्ची ने."

एतोय बोग्सकडे गेला. बोग्स माणूस सरळ होता. "पडला असणारच रे. पण डोळे मिटायला सांगितले होते ना."

आलिंग पासिंगबाई तर भारावून गेल्या होत्या. "मी होते की पुढंच! काय बोलतात कॅप! अंगावर काटा आला बघ."

"बाई, चेंडू."

"कुठला चेंडू?"

चौकशी पूर्ण होईपर्यंत खुर्ची रिकामी ठेवणं बरं दिसेना, म्हणून तिच्यावर जोमार बसला. चौकशी चालू आहे. एतोय तीनचाकी चालवतो, कंबरेला पट्टा बांधून, आणि भेटेल त्याला साक्षीचं विचारतो.

तुम्हीसुद्धा हसू नका. तुम्ही तिथंच होता, तुमचे डोळे उघडे होते आणि तुम्हाला कोणी हेडफोनही घातले नव्हते. नऊ नंबरचा चेंडू कुठल्या खिशात गेला, तेवढं एतोयला सांगून टाका. नाही, वर जाऊन बघायचं नाही; समितीला तसली साक्ष चालत नाही. आठवत नसेल तरी हरकत नाही. लक्ष म्हणजे काय, ते तुम्हाला नक्की पाठ झालं असेल, आणि जोमारसाहेबांना हाताखाली तशीच माणसं हवी आहेत.