सगुणामावशींची उघडी ओळ

आमच्या चाळीत छत्री मोडली की ती दुरुस्तीला जात नसे. ती सगुणामावशींकडे जाई आणि परत येत नसे.

लोणावळ्यात पावसाळ्याचे चार महिने छत्रीशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि वारा असा की आठवड्यातून एकदा तरी ती उलटी होतेच. अशी उलटी छत्री घेऊन कुणी दारातून जाताना दिसलं की मावशी तिच्याकडे खाटीक बोकडाकडे बघतो तशा बघत. “सोडा तिला आता. लय सोसलंय बिचारीनं,” असं म्हणून ती हातातून काढूनच घेत. तासाभरात तिच्या काड्या सुट्या होत, पायरीच्या दगडावर घासून त्यांची टोकं गुळगुळीत होत, आणि संध्याकाळी त्यांच्यावर कुणाच्या तरी कानटोपीचे पहिले टाके चढत. पहिले म्हणतोय मी. शेवटचे कधी, हे विचारायची सोय नव्हती.

मी तेव्हा लोणावळा स्टेशनावर बुकिंग क्लार्क होतो. स्टेशनामागच्या चाळीत माझी आणि माझ्या बायकोची, इंदूची, एक खोली. तिला लागून मावशींची. मावशी मूळच्या कुरवंड्याच्या. नवरा रेल्वेत पॉइंट्समन होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो असतानाच त्या एका साहेबाच्या बंगल्यावर आया म्हणून राहिल्या आणि तिथल्या मडमेनं त्यांना विणायला शिकवलं. मडम पुढे विलायतेला निघून गेली. जाताना सुयाही घेऊन गेली असावी, नाहीतर आमच्या छत्र्या वाचल्या असत्या.

नवी लोकर त्यांनी कधी आणली नाही. हुसेनभाई म्हणून एक टांगेवाले होते. हंगाम संपून बंगले रिकामे झाले की तिथे उरलेले अर्धेमुर्धे गुंडे, कसर लागलेले स्वेटर, जोडीदार हरवलेले मोजे ते टांग्याच्या बैठकीखाली घालून मावशींना आणून देत. मावशी ते उसवत, धूत, दोरीवर वाळवत आणि त्यांचे गुंडे करून रॉकेलच्या रिकाम्या डब्यात टाकत. जर्मनीशी लढाई सुरू झाली तशी लोकर दिसेनाशी झाली. मावशींचा डबाही तळाला गेला, पण त्यांचे बेत काही तळाला जाईनात.

एका वेळी सात वस्तू त्यांच्या काड्यांवर असत. एक हातात, एक मांडीवर, एक उशाशी, दोन खुंटीला, एक चुलीच्या वरच्या फळीवर आणि सातवी कुठे आहे ते त्या शोधत असत. “एकाचा कटाळा आला की दुसरं घ्यावं,” असं त्यांचं शास्त्र. “जेवताना आपन नुसती भाकरच खातो व्हय? मधी कालवान लागतंच की.” या शास्त्रापायी काय काय झालं ते सांगत बसलो तर रात्र पुरायची नाही. आमच्या स्टेशनमास्तरांसाठी त्यांनी एक पायमोजा घेतला होता. मधे दुसऱ्याच कामात गुंतल्या, मग परत तो हातात आला तेव्हा टाचेला वळायचं विसरल्या आणि विणतच सुटल्या. हातभर झाल्यावर मी विचारलं, “मावशी, साहेबांचा पाय एवढा लांब आहे?” त्यांनी ते उचलून उजेडात पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “आता मफलर म्हनायचं त्याला.”

मोठ्यांपैकी कुणाच्या अंगावर त्यांची पुरी झालेली वस्तू मी पाहिली नाही. माझा स्वेटर तीन वर्षं चालला होता. पाठ करडी, पोट तपकिरी आणि एक बाही हिरवी. दुसरी बाही नाही. दर थंडीत मला उभा करून सुतळीनं माप घ्यायच्या आणि दर वेळी मान हलवायच्या. “तुमचं प्वाट एका जागी थांबंल तवा माजं काम पुरं व्हईल, बाबू.” पहाटेच्या गाडीला धुक्यातून कुडकुडत जाताना मी त्या एका बाहीला रोज शिव्या घालत असे. “मावशी, यंदा तरी?” असं विचारलं की ठरलेलं उत्तर येई: “व्हईल की. काय घाई हाय?” मी त्यांचं नाव ‘एकबाही मावशी’ ठेवलं होतं. इंदू मला डोळ्यांनी दटावायची आणि तोंडावर पदर धरून हसायची.

फक्त एक गोष्ट मावशी नेमानं करत. चाळीत, टांग्यांच्या अड्ड्यावर, पार वळवणापर्यंत कुणाही बाईला दिवस गेल्याचं कळलं की आमचे सगळ्यांचे स्वेटर तहकूब होत आणि काडीवर एक झबलं चढे. खरं तर आपल्याकडे मूल व्हायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही करत नाहीत. आलेल्या जिवालासुद्धा आधी जुनेरं गुंडाळतात. पण मावशींचा युक्तिवाद वकिलाला लाजवील असा होता. “ही कुटं नवी लोकर हाय? चार अंगं बघून आलेली हाय. जुनेरंच म्हना की.” या एका वाक्यावर त्यांनी चाळीतल्या सगळ्या सासवा गप्प बसवल्या होत्या.

ते झबलंही त्या पुरं करत नसत. गळ्यापर्यंत भराभर यायच्या आणि शेवटच्या ओळीशी थांबायच्या. टाके काडीवर तसेच उघडे ठेवून झबलं खुंटीला. बारशाच्या दिवशी सकाळी, आणि तेव्हाच, ती ओळ बंद करायच्या आणि झबलं घेऊन जायच्या. मी समजे, हाही आळसच.

इंदूचं पहिलं मूल तळेगावला, तिच्या माहेरी, पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्यानंतर दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले तेव्हा ती म्हणाली, “मी यावेळी कुठे जात नाही. इथंच बरी.” मावशींनी त्याच आठवड्यात डबा उपडा केला. तळाशी एक हळदीसारखा पिवळा गुंडा निघाला, कुठल्याशा बंगल्यातल्या बाळाच्या शालीचा. त्या मला म्हणाल्या, “तुमची बाही ऱ्हायली आता.” मी म्हटलं, “राहू द्या.” त्या एकदाच मी मनापासून तसं म्हटलं असेन.

सातव्या महिन्यात झबलं गळ्यापर्यंत आलं आणि थांबलं. मावशींनी ते आमच्याच खोलीत खुंटीला टांगलं, इंदूला दिसावं म्हणून. इंदू रोज त्याच्याकडे बघायची. आणि मला ती छत्रीची काडी डोळ्यांसमोर नको झाली. सगळं नीट चाललंय, दोन महिन्यांवर आलंय, आणि हे अर्धवट लोंबतंय! एकदा मी म्हटलं, “मावशी, एवढी ओळ घालून टाका ना. पाच मिनिटांचं काम.”

“न्हाई,” त्या म्हणाल्या. ‘काय घाई हाय’ म्हणाल्या नाहीत. नुसतंच न्हाई.

मी हट्टी माणूस. तीन वर्षं त्यांचे हात बघून ओळ कशी बंद करतात ते मला कळलं होतं. एका रविवारी मावशी कुरवंड्याला गेल्या होत्या आणि इंदू नळावर होती. मी झबलं मांडीवर घेतलं आणि एका टाक्यावरून दुसरा ओढत ती ओळ बंद केली. गळा जरा आवळला, पण झालं. इंदू आली, तिनं ते हातात घेतलं आणि गालाला लावलं. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

मावशी संध्याकाळी आल्या आणि दारातच थबकल्या. मला वाटलं, शिव्या देणार. त्यांनी झबलं काढून घेतलं, भिंतीशी बसल्या, मी घातलेली गाठ सोडली आणि एकेक टाका मोकळा करून परत काडीवर चढवला. इंदूचा चेहरा उतरला. मला राग आला. म्हातारीच्या खुळापायी आमच्या घरात अपशकुनासारखं ते पुन्हा लोंबायला लागलं, असं मी पुटपुटलो, आणि त्यांनी ते ऐकलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एका दुपारी मी तिकीट खिडकीवर असताना हुसेनभाई धावत आले. मी पोचलो तोवर सगळं आटपलं होतं. मुलगा होता. तो रडलाच नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. इंदू भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी कामावर जाई, तिकिटं देई, परत येई. ती ओळ माझ्या डोक्यातून जाईना. मी शिकलेला माणूस, असल्या गोष्टींना हसणारा. पण रोज वाटे, तू ती ओळ बंद केलीस. तूच केलंस. इंदूला हे सांगायचं धैर्य नव्हतं. तिलाही तेच वाटत असेल, ही भीती होती.

बारा दिवस उलटले तशा मावशी आल्या. खुंटीवरचं झबलं त्यांनी काढलं आणि माझ्यासमोर बसल्या.

मी म्हणालो, “मावशी, माझ्या हातून झालं.”

“काय झालं?”

“तुम्ही बजावलं होतं. मी ओळ बंद केली.”

त्या म्हणाल्या, “येडं का खुळं तुमी? टाक्यानं कुनाचं प्वार जातंय व्हय? तसं असतं तर म्या टाक्यानंच देवाला कवाच बांदला असता.”

“मग उघडी का ठेवता?”

“उसवाया सोपं जातं म्हून.”

मला कळलं नाही. त्यांनी झबल्यातली काडी ओढून काढली. “माज्या पोरीचं म्या समदं पुरं केलतं, बाबू. मडमेनं नवी लोकर दिलती. टोपडं, मोजं, झबलं, बटनांसकट. पोर आठ दिस ऱ्हायली. मंग ते उसवाया बसले तर हातच हुईना. पुरं झालेलं कसं उसवायचं? हाय अजून पेटीत. कसरीनं खाल्लं, पर कुनाच्या अंगाला लागलं न्हाई.” त्यांनी मोकळ्या टाक्यातला धागा बोटाला गुंडाळला. “दुसऱ्या कुन्या बाईला तसं बसाया लागू नये. हे बगा, नुसतं वडलं की निगतं. हात फुडं करा.”

मी दोन्ही हात पुढे केले, लडीसाठी धरतात तसे. मावशी ओढू लागल्या. ओळ उसवत जाई तसा वाकडातिकडा झालेला पिवळा धागा माझ्या हातांभोवती येऊ लागला. खरंच सोपं होतं. मला रडू फुटलं ते त्याच्या सोपेपणानं.

मागे हालचाल झाली. इंदू उठून बसली होती. त्या बारा दिवसांत ती आपण होऊन पहिल्यांदा बोलली.

“मला द्या,” ती म्हणाली. “मी धरते.”

तिच्या हातांवर ती लड देऊन मी बाजूला झालो. ते झबलं पुरं संपेपर्यंत मावशी ओढत राहिल्या आणि इंदू लड धरून राहिली. मावशींनी गुंडा केला आणि डब्यात टाकला.

पुढच्या श्रावणात इंदूला घेऊन मी बाजारात निघालो होतो. भुरभुर होती. टांग्यांच्या अड्ड्यावर हुसेनभाईंनी हाक मारली; नातू झाला होता, दोन महिन्यांचा. सून टांग्यात त्याला घेऊन बसली होती. पोराच्या डोक्यावर हळदीसारखी पिवळी कानटोपी होती.

मी इंदूचा हात धरून पुढे निघू लागलो. ती हलली नाही. “इकडे द्या जरा,” म्हणून तिनं पोर घेतलं. बराच वेळ ती टोपीच्या कडेवरून बोट फिरवत होती.

“बंद केलीय मावशींनी,” ती मला म्हणाली. “घट्ट आहे.”

मग तिनं पोराला परत दिलं. मी छत्री तिच्या डोक्यावर धरली. तिच्यातली एक काडी केव्हाच नाहीशी झाली होती आणि त्या बाजूनं पाणी इंदूच्या खांद्यावर येत होतं.