जास्तीची पिन

आरोसकरकाका कुणाकडे गेले, की पाण्याचा पेला पुढे यायच्या आधी खिशातून रुमाल काढायचे. रुमालाच्या घडीत एक पोलादी पिन. करंगळीच्या पेराएवढी, एका टोकाला गोल बोंड, दुसऱ्या टोकाला बारीक भोक. ती ते समोरच्याच्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "हे कुठून तरी निघालंय. ओळखा." बारशाला गेले तरी हेच, तेराव्याला गेले तरी हेच. दीक्षितांच्या तेराव्याला त्यांनी हात धुणाऱ्या भटजींनाच गाठलं. भटजींनी पिनेला आधी नमस्कार केला. त्यांना वाटलं, काही देवाधर्माचं असेल.

आम्ही झाशीचे जुने मराठी. मराठी फौजेबरोबर कुणी पूर्वज इथे आला आणि परत जायचं विसरला, तेव्हापासून आहोत. आमच्या मराठीत निम्मं हिंदी. काका तसे नव्हेत. ते वेंगुर्ल्याकडचे, कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेले. ट्रान्सफॉर्मर बांधण्यात जन्म गेला आणि रिटायर झाल्यावर सिविल लाइंसमध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून राहिले. मी शाळेत शिकवते म्हणून मला मास्तरीणबाई म्हणत. मी म्हटलं, "काका, आपण बसून घ्या ना," की विचारत, "बसतो. पण बसून घ्यायचं काय?" मला असा राग यायचा म्हणून सांगू! पण काकूंच्या हातच्या सोलकढीसाठी मी तो गिळत होते.

मागच्या दसऱ्यानंतर या माणसाने शिडाची होडी विकत घेतली. झाशीत! जिथे मे महिन्यात टँकरमागे बादल्या घेऊन पळावं लागतं, त्या गावात. छावणीतले कुणी कर्नल बदलून जाताना धरणावर पडलेली आपली होडी काढून टाकत होते, ती काकांनी उचलली. गरौठ्याच्या एका ट्रॅक्टर-ट्रॉलीतून ती आमच्या गल्लीत आली, तेव्हा सगळा मोहल्ला बाहेर. समोरचे गुप्ताजी म्हणाले, "साब, बाढ़ आने वाली है क्या?" काकांनी कंपाउंडात कडुनिंबाखाली जुने टायर मांडून त्यावर होडी ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून घासायला घेतली.

होडी काकूंसाठी होती. हे काकांनी कुणाला सांगितलं नाही, काकूंनीच सांगितलं. काकूंचं माहेर खाडीकाठचं, बाप होडीवाला. लग्न होऊन झाशीला आल्या त्या पुन्हा कधी होडीत बसल्याच नाहीत. आता गुडघे गेले होते, लेकाने पुण्याहून पाठवलेला वॉकर धरून चालत होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, थोडे दिवस चालाल, मग नाही. काकू म्हणाल्या, "पाय आहेत तोवर एकदा शिडाखाली बसायचंय गं. तोंडावर वारा घ्यायचा आणि परत यायचं. बाकी काही नको." काकांनी कबूल केलं होतं. संक्रांत झाली की धरणावर जायचं.

संक्रांतीच्या आठवडाभर आधी काकांनी तळाच्या फळ्या धुवायला उचलल्या आणि खाली ती पिन सापडली.

आता दुसरा कुणी असता तर त्याने ती खिळ्यांच्या डब्यात टाकली असती. पण काका कारखान्यातले. तिथली एक रीत होती, ती त्यांनी मला इतक्यांदा ऐकवली की माझ्या वर्गातल्या मुलींनाही पाठ झाली. ट्रान्सफॉर्मरची टाकी बंद करायच्या आधी आत उतरणाऱ्याने खिसे रिकामे करायचे, अंगठी काढायची, पेन बाहेर ठेवायचं. आणि आत एखादा जरी सुटा नट मिळाला, तर काम थांबवायचं. तो नट कुठून आला ते कळेपर्यंत टाकी बंद होत नाही, मग मोठा साहेब का नाचेना. "जॉब बंद," काका म्हणाले आणि होडीला लाल फडकं बांधलं.

मग होडी खोलली. डोलकाठीच्या तारा अशाच पिनांनी अडकवलेल्या होत्या, म्हणजे पिन होडीचीच, यात त्यांना शंका नव्हती. पण सगळ्या पिना जागच्या जागी. सुकाणू खोललं, तिथेही सगळं जागेवर. मी म्हटलं, बरंच झालं, काही कमी नाही. त्यावर काका माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मीच ती पिन आत टाकली होती. म्हणाले, कमी असतं तर आणून लावलं असतं, जास्तीचं काय करू?

तिथून जी वणवण सुरू झाली! रेल्वेच्या कारखान्यातून रिटायर झालेले सगळे फिटर विचारून झाले. सायकलवाले झाले, शिलाई मशीनवाले झाले. मऊरानीपुरला कुणी जुना लोहार आहे असं कळलं, तर सकाळची बस पकडून तिकडे गेले आणि संध्याकाळी चेहरा पाडून आले. त्या कर्नलसाहेबांना इतके फोन केले की त्यांनी शेवटी उचलणं सोडलं. गरौठ्याला ट्रॉलीवाल्याला तर ऐन गहू काढणीत शेतात जाऊन धरलं. तो हात जोडून म्हणाला, "साब, हमाई ट्राली की होती तो हम खुदई ढूँढ़त आते." काकांना ते पटलं नाही. ट्रॉलीखाली आडवे होऊन बघून आले, अंगातल्या बंडीला ग्रीस लावून घेतलं.

संक्रांत गेली. होळी गेली. काकू ओसरीवर वॉकर समोर ठेवून बसत आणि लाल फडक्याकडे बघत. तक्रार नाही. मीच जाऊन चिडचिड करायची, तर मलाच समजवायच्या, "सापडेल गं त्यांना. होडीचा भाग आहे म्हणतात, मग त्याशिवाय कशी न्यायची?" आताशा त्या पायरी उतरेनाशा झाल्या होत्या. धरणाचं पाणीही उतरत चाललं होतं.

एका रविवारी माझं डोकं फिरलं. मी सरळ कुंपणाच्या दारातून आत गेले आणि म्हटलं, "काका, ती पिन फेका नाल्यात आणि काकूंना घेऊन जा. विकत घ्यायच्या आधी धरणावर तुम्ही स्वतः हीच होडी चालवून आलात ना? भेगेत डांबर थापून? भिजून, हसत घरी आलात. तेव्हा नव्हती का कारखान्याची रीत?"

काका स्क्रूड्रायव्हर पुसत होते.

"तेव्हा मी एकटा होतो," ते म्हणाले. "आता आत ही बसणार आहे."

या माणसाशी भांडावं तरी कसं? मी घरी आले.

वैशाखात काकू पडल्या. दुपारची वेळ, न्हाणीघराकडे निघाल्या होत्या, वॉकरची एक बाजू एकदम आत मुडपली आणि त्या फरशीवर गेल्या. आवाज ऐकून मी धावले. खुब्याचं हाड. दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं. घाईत कुणीतरी वॉकरही गाडीत टाकला होता, तो दवाखान्याच्या खोलीत भिंतीशी उभा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेले. काकू जाग्या होत्या. काका बाकावर बसले होते आणि हाताला चाळा म्हणून वॉकर पुढ्यात घेऊन त्याची घडी उघडत-मिटत होते. तोवर त्यांनी त्या वस्तूला कधी हात लावला नव्हता. औषधाच्या दुकानातली वस्तू, तिच्यात काय इंजिनियरिंग, असं त्यांचं मत. एका बाजूच्या सांध्याला परकराची नाडी गुंडाळलेली होती. नॅपकिन अडकवायला असेल, असं मलाही वाटायचं. काकांनी ती सोडली. खाली रिकामं भोक होतं.

त्यांनी खिशातून रुमाल काढला. पिन भोकात घातली. ती आत गेली आणि बोंड बरोब्बर बसलं.

मी डबा हातात धरून तशीच उभी. काकांनी पिन काढली, काकूंच्या पलंगाशी गेले आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. काकूंनी ती डोळ्यांजवळ नेऊन बघितली.

"ही माझ्या वॉकरची," काकू म्हणाल्या. "तुम्हाला कुठे मिळाली?"

काकांनी कसंबसं सांगितलं.

काकू लाजल्या. खरंच लाजल्या, ऑपरेशन झालेलं म्हातारं माणूस. म्हणाल्या, "तुम्ही दुपारी झोपलात की मी जाऊन बसत होते होडीत. काठावर टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. वॉकर बाहेर राहिला असता तर तुम्हाला दिसला असता, म्हणून आत ओढून घ्यायची. मग तो एका बाजूने ढिला झाला. सांगितलं तर विचाराल कुठे नेला होतास, म्हणून नाडी बांधली." मग म्हणाल्या, "मला एकदा दाखवायची होतीत हो."

काका बाहेर व्हरांड्यात आले. मी मागोमाग गेले. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सगळ्या झाशीला दाखवली, मास्तरीणबाई. हिला दाखवली नाही. म्हटलं, हिला त्यातलं काय कळणार."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि रडले. त्यांच्याआधी मीच रडले.

काकू घरी आल्या त्या आडव्याच आल्या. पुन्हा उभ्या राहणार नाहीत, असं डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं. वॉकर दुरुस्त होऊन कोपऱ्यात उभा आहे. होडीत आता कुठलाही दोष नाही, लाल फडकंही काकांनी सोडलंय. घरात काही नवीन आलं, नळाचा वॉशर असो की बल्ब, काका आधी पलंगाशी नेऊन काकूंना दाखवतात. काकू बघतात, "बरं" म्हणतात, मग ती वस्तू लागते.

काल संध्याकाळी मी बसले होते. गुप्ताजींचा लेक धरणाकडून आला होता, तिथे भेगाळलेला चिखल आहे आणि म्हशी चरतायत, असं तो काकांना फाटकातच सांगून गेला. काका आत आले. उशीशी बसले, काकूंच्या कपाळावरचे केस मागे सारले.

काकूंनी विचारलं, "धरणात पाणी आहे का हो अजून?"

मोजल्याशिवाय, तपासल्याशिवाय या माणसाने उभ्या आयुष्यात कधी कशाला हो म्हटलं नव्हतं.

"भरपूर आहे," काका म्हणाले.

"मग जाऊ," काकू म्हणाल्या आणि डोळे मिटले.