परबमामांचं गाऱ्हाणं

देवाला दम भरणारा माणूस मी एकच पाहिला. लालबागच्या आमच्या चाळीत, तळमजल्यावरच्या छोट्या देवळीतल्या मारुतीपुढे उभे राहून परबमामा सुरुवात करायचे, "ह्या बघ, गेल्या शनवारी सांगलेला काम अजून झालेला नाय. झोपलंस काय रे?"

शेंदराची मूर्ती गप्प. जमलेली माणसं मात्र हात जोडून गंभीर.

मामा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते, पण त्यांची खरी नोकरी मारुतीकडे. देवळी झाडणं, दिव्यात तेल घालणं, शेंदूर चढवणं, सारं तेच करत. उभा जन्म त्यात गेला, आणि त्याबद्दल कुणाकडून सुपारीसुद्धा घेतली नाही. शनिवारी संध्याकाळी नारळ ठेवून ते अख्ख्या चाळीच्या वतीने गाऱ्हाणं घालत, कोकणातल्या देवळात घालतात तसं. एकेक मागणं ते मोठ्याने सांगणार, आणि बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा.

"बा महाराजा, दुसऱ्या माळ्यावरल्या गणपतच्या चेडवाचा लगीन जुळव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आणि तेच्या बायलेच्या तोंडाचो पट्टो जरा थांबव, नायतर जुळलेला मोडतला!"

"व्हय महाराजा!" यात गणपतचा आवाज सगळ्यांत मोठा.

घरच्यांसाठी मात्र मामा कधीच काही मागत नसत. "गाऱ्हाणा घालणाऱ्यान आपला मागूचा नाय. गावची रीत आसा," म्हणायचे. मामी फणकारायच्या, "सगळ्या चाळीचा मागतास. आमचा कोण मागतलो?"

"तुमका मी आसंय ना!"

आणि ते होतेच. पाळीवरून आले की आधी मामींचे गुडघे चोळून देत. मग एकुलत्या एक लेकीचा, शेवंतीचा, अभ्यास घेत. स्वतःला अक्षर येत नव्हतं, म्हणून ते तिला मोठ्याने वाचायला लावत, आणि ती जरा अडखळली की डोळे मिटूनच म्हणत, "चुकलंस." शेवंती मॅट्रिक झाली ती या धाकाने.

मी तेव्हा संयुक्त महाराष्ट्रासाठी पत्रकं लिहीत होतो. देवावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. एकदा मी मामांना छेडलं, "मामा, गाऱ्हाण्याने मुंबई मिळणार असती तर आम्ही लाठ्या कशाला खाल्ल्या असत्या?"

"तुमी लाठ्यो खावा, मी तेच्या कानार घालतंय. दोनय बाजून रेटूक होया."

त्या शनिवारी मारुतीची खरडपट्टी निघाली. "आखो डोंगर उचललंस, आणि एवढीशी मुंबय जाग्यार ठेवक जमणा नाय तुका?" यावर 'व्हय महाराजा' म्हणणाऱ्यांत मीसुद्धा होतो. चळवळीचा भाग म्हणून!

शेजारच्या चाळीतले रामभाऊ मामांच्याच खात्यात कामाला. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा आमच्यातले काही शहाणे मामांना म्हणाले, "आता त्यांच्याशी आपला काय संबंध?" मामा म्हणाले, "तेनी देव सोडल्यान. मी शेजार सोडूक नाय." पुढे रामभाऊंची बायको आजारी पडली. मामांनी जाऊन विचारलं, "तिच्यासाठी मारुतीक सांगू काय?" रामभाऊ हसून म्हणाले, "नको मामा, औषध आणलंय." "बरा," म्हणून मामा तिथेच बसले आणि रामभाऊ आपली पाळी करून परत येईपर्यंत तिला वारा घालत राहिले. माणसाच्या मोठेपणावर मी पुष्कळ पत्रकं लिहिली. इतकं स्वच्छ एकही जमलं नाही.

मग एक शनिवार आला. बायकांची तुकडी सत्याग्रहाला गेली होती, त्यात शेवंती होती. दुपारी बातमी आली, लाठ्या चालल्या, गोळीही चालली. आम्ही पोरांनी चौकी पाहिली, इस्पितळ पाहिलं. शेवंती कुठेच नव्हती. संध्याकाळी सगळी चाळ मारुतीपुढे जमली.

मामांनी नारळ ठेवला. सत्याग्रहाला गेलेल्या एकेकीचं नाव घेऊन तिला सुखरूप आणायला सांगितलं. आम्ही शेवटच्या नावाची वाट पाहत होतो. मामा थांबले, आणि त्यांनी मारुतीला नमस्कार केला. संपलं.

"आणि माजा चेडू?" मामी ओरडल्या. मामा मान खाली घालून उभे. तेव्हा मामींनी त्यांना कोपराने बाजूला सारलं आणि स्वतः पुढे झाल्या. आमच्या चाळीत बाईने गाऱ्हाणं घातलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "महाराजा, माका काय बोलूक येणा नाय. माजी शेवंती सुखरूप घराक हाड."

"व्हय महाराजा!" चाळ हादरली. एकट्या मामांचे ओठ हलले नाहीत.

रात्री उशिरा शेवंती आली. कोपर सोललेलं, घोषणा देऊन घसा बसलेला. पोलिसांनी त्यांच्या तुकडीला गाडीत घालून शहराबाहेर नेऊन सोडलं होतं. तिथून सगळ्या चालत आल्या. चाळ तिच्याभोवती गोळा झाली. मामांनी लांबूनच तिला एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि ते देवळीत शिरले.

मी मागोमाग गेलो. रागच आला होता मला. "मामा, रीत एवढी मोठी? साधं 'व्हय महाराजा'सुद्धा म्हणवलं नाही?"

"रीतबीत काय नाय रे," मामा हळूच म्हणाले. "शेवंतीच्या आधी झील होतो आमचो, पयलो पोरगो. तापान फणफणलेलो. गावच्या मारुतीच्या देवळात मी गाऱ्हाणा घातलंय तेच्यासाठी. नाय रवलो."

मी तिथेच उंबऱ्यावर टेकलो.

"तेका जमाक नाय तेव्हा," मामा मूर्तीकडे पाहत म्हणाले. "तेका काय कमी वायट वाटला आसात? परत मागान कशाक लाजवूचा?"

मग त्यांनी पंच्याचं टोक ओलं केलं आणि मारुतीच्या गालांवरची काजळी पुसू लागले, रडून आलेल्या पोराचं तोंड पुसावं तसं.