गुंजनची गोळी

उदाराम आणि अनुसयाबाईचा अबोला नवव्या दिवसावर पोचला, आणि नेमके त्याच दिवशी मुलगा-सून लग्नासाठी चिचगडला निघाले. अबोल्याचं कारण मीठ. बोदलकशाच्या तलावातल्या मासळीचा तिने केलेला रस्सा खारट झाल्याचं उदारामने व्याह्यांसमोर बोलून दाखवलं होतं. खरं बोलायलाही वेळकाळ असते, हे त्याला पासष्टीतही कळलं नव्हतं.

ऊन लागू नये म्हणून चार वर्षांच्या नातीला, गुंजनला, आजी-आजोबांपाशी घरीच ठेवलं. तिच्या अंगात बायोटिन या जीवनसत्त्वाला कामाच्या जागी जोडून देणारं एन्झाइम जन्मापासून ढिलं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, "मध्यस्थच आळशी आहे, म्हणून बायोटिन भरपूर द्यायचं. रोज एक गोळी, आयुष्यभर." निघताना सून अल्का म्हणाली, "सकाळी एक गोळी, चुकवू नोका जी." दोघांनाही वाटलं, आपल्यालाच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने गुळासोबत गोळी दिली. घटकाभराने आजोबांनीही दिली. गुंजनने गूळ पाहून दोन्ही वेळा तोंड उघडलं. दुपारी पाकिटात दोन गोळ्या कमी दिसल्या, तेव्हा दोघेही चरकले. पण विचारणार कोण? उद्यापासून समोरच्यालाच देऊ द्यावी, असं दोघांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी दुपार झाली तरी पाकीट तसंच. गुंजन ओसरीवर गाढ झोपली होती. उदारामने पाकीट उचलून अनुसयाबाईसमोर धरलं.

"पोरीले गोळी देल्ली का वो?"

"मी नाई देल्ली! तुमी देल्ली ना?"

"मी काऊन देऊ? तू देऊन राहिलीस ना!"

दोघांनी पोरीला उठवून गोळी भरवली आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "आज उशीर झाला, चालेल. काल दोन झाल्या, तरी भीती नाही, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. पण एकही चुकवू नका."

उदारामचे डोळे भरून आले. "माह्या तोंडानं घात केला असता वो."

अनुसयाबाई पदराशी चाळा करत म्हणाली, "रस्सा खारटच होता जी."

चौथ्या दिवशी सकाळी उदारामने तिच्यादेखत गुंजनला गोळी दिली, पाणी पाजलं, आणि लगेच विचारलं, "देल्ली का वो?"

"आता तुमीच देल्ली ना, माह्या समोर!"

"माहीत हाये. तू बोलतेस का नाई, तेच पाहून राहिलो."