विहीणबाईंचे थेट विमान

श्री. आकाशमार्गी निघालियांस सुखरूप उतरविणारा तो समर्थ. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, पौष मासी वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे.

उत्तरेकडील राज्यात भागीरथीबाईसाहेब नांदत होत्या. त्यांचे एकुलते चिरंजीव मल्हारराव समुद्रापार बर्फाचे मुलखी चाकरीस राहिले होते आणि सूनबाईंचे दिवस भरत आले होते. नातवंड प्रथम आपणच मांडीवर घ्यावे ऐसा बाईसाहेबांनी निश्चय केला. तो खबर आली की, सूनबाईंच्या मातोश्री मैनाबाईसाहेब दक्षिणेचे राज्यातून बाईसाहेबांचे निघण्याचे दिवशीच निघतात. हे ऐकोन बाईसाहेबांचे अंगाचा तिळपापड जाहला. मग कारभारी विसाजीपंत यांस पुसिले, "आमचे विमानतळापासून तो मुलूख किती दूर?" पंतांनी अर्ज केला, "चार हजार कोस. विहीणबाईंस दोनशे कोस अधिक." बाईसाहेब संतोष पावल्या आणि बोलिल्या, "मग आधी आम्हीच!" पंत चाचरत बोलिले, "अंतर कमी खरे, परंतु आपले विमान वाळूचे नगरी उतरते आणि तेथे दुसरे धरावे लागते. आठ प्रहर जातात. त्यांचे थेट, साडेपाच प्रहरांत पोचते. आपणही त्यांचे नगरी जाऊन संगतीने निघावे." बाईसाहेब कडाडल्या, "त्यांचे मांडीस मांडी लावून? त्यापेक्षा पायी जाईन!"

मग डिंकाचे लाडू आणि बाळंतविडा घेऊन स्वारी निघाली आणि वाळूचे नगरी उतरली, तो धुके ऐसे दाटले की विमाने जागचे जागी खिळली. बाकड्यावर बसल्या असता मल्हाररावांचा फोन आला, "आईसाहेब, कन्या जाहली. दोघी सुखरूप." बाईसाहेबांनी पहिले पुसिले ते हेच, "आधी कोणी घेतली?" चिरंजीव बोलिले, "सासूबाईंनी." बाईसाहेबांचे डोळ्यांस धारा लागल्या. शेजारील परक्या बाईने पाणी पुढे केले, तेही घेतले नाही.

धुके फिटल्यावर बाईसाहेब पोचल्या त्या तडक इस्पितळात गेल्या. मैनाबाई बाळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्या उठल्या नाहीत. बाईसाहेबांनी हात पसरिले, "आणा इकडे." मैनाबाईंनी बाळ अधिकच उराशी धरिले आणि बोलिल्या, "देते. आता तुमचीच की ही. आडनाव तुमचे, घराणे तुमचे, बारसेही तुमचे घरी. तुमचे विमान अडकल्याचे कळले तेव्हा, देवाशपथ सांगते, मला बरे वाटले. एवढाच वेळ काय तो माझा होता." बाईसाहेब पसरल्या हातांनी तैशाच उभ्या राहिल्या. हा जाळ आपलेच उरात आहे ऐसे त्या समजत होत्या. मग हात मागे घेऊन बोलिल्या, "प्रवासाचे हात आहेत. धुऊन येते." आणि हात धुण्यास त्यांनी फार वेळ लाविला.

सारांश, बारशास दोघींनी दोन नावे आणिली, दोन्ही ठेविली गेली, आणि आधी कोणते घ्यावे येविशी कलह आजतागायत चालू आहे. घडले ते लिहिले, पदरचे घातले नाही.